उंची की हात: नईम सरांशी राहिलेलं भांडण

नईम सर,

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले, आणि या एकवीस दिवसांत मैदानावर माझ्याशी कुणी भांडलेलं नाही. मुली सांगेन ते ऐकतात. वीस फेऱ्या म्हटलं की वीस फेऱ्या मारतात. सेंटरला कोण, राइटला कोण, मी नाव घेते आणि त्या जाऊन उभ्या राहतात. परवा मी मुद्दाम चूक केली. सगळ्या उंच मुली पुढच्या फळीत लावल्या आणि थांबले. कुणी हूं की चूं केलं नाही. तुम्ही असतात तर खुर्चीवरून ओरडला असतात, "मंगल, हॉकीची टीम बनवायलीस का लाइटचे खांब रोवायलीस?"

तुमच्यावर लोकांनी लिहिलं आहे. पेपरात चार ओळी आल्या, जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर फोटो फिरले. किती वर्षं शिकवलं, किती मुली घडवल्या, ते सगळं त्यात आहे. मला ते लिहायचं नाही. मला आपल्या भांडणाबद्दल लिहायचंय, कारण ते अर्धं राहिलं आणि दुसऱ्या बाजूनं बोलणारा माणूस निघून गेला.

बारा वर्षं आपण एकाच गोष्टीवर भांडलो. फॉरवर्डला अंग लागतं की हात लागतो.

मी म्हणायची, अंग लागतं. आता टर्फवर खेळ पळतो, समोरच्या डिफेन्डर जिममध्ये घडलेल्या असतात, त्यांचा एक खांदा लागला की आपली बारकी मुलगी बसकण मारते. तुम्ही म्हणायचात, "मारू दे बसकण. उठेल. बॉल जातो तो गोलकीपरच्या पायाशेजारच्या चार बोटं जागेतून जातो. तिथं तुझा पैलवान काय करणार?" मी म्हणायची, "तिथवर तुमची चिमणी पोचली तर ना!" हे आपण मुलींसमोर बोललो, चहाच्या टपरीवर बोललो, माझ्या स्कूटीवर छावणीतून शहागंजला जाताना बोललो. तुम्ही मागे बसून माझ्या कानात ओरडायचात आणि मी आरशात बघून उत्तर द्यायची. एकदा सिग्नलला शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "चाचा, उतरून भांडा ना, लोकांना जाऊ द्या."

तुम्ही पाच फूट तीन. मी पाच फूट आठ. मुली पाठीमागे म्हणायच्या की सर स्वतःसाठी भांडतात आणि मॅडम स्वतःसाठी. खरंच होतं ते. पण माझं भांडण नेमकं कुठून सुरू झालं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मी बिडकीनच्या शाळेत नववीत होते. तालुक्याच्या स्पर्धेत अनवाणी गोळा फेकत होते आणि तुम्ही कुठल्या तरी शाळेची टीम घेऊन आला होतात. माझं फेकून झाल्यावर तुम्ही जवळ आलात.

"नाव काय, बेटा?"

"मंगल."

"घरी काय करतात?"

"मेंढ्या."

"कोकरू पळालं तर धरतेस?"

"धरते की."

"मग बॉल पण धरशील," म्हणून तुम्ही माझ्या हातात स्टिक दिलीत. मला ती काठीसारखीच वाटली. काठी मला नवीन नव्हती.

पुढची दोन वर्षं दर शनिवार-रविवारी मी एसटीनं शहरात यायची. मला मैदान आवडायला लागलं होतं. मुलींमध्ये मी सगळ्यात उंच, सगळ्यात दणकट. मी बॉल मारला की लांबची माणसंसुद्धा वळून बघायची. राज्याच्या स्पर्धेसाठी टीम निवडायची वेळ आली तेव्हा शेवटची एक जागा फॉरवर्डची उरली होती. मी की रेश्मा. रेश्मा माझ्या खांद्याला लागायची. माझ्या मनात तर शंकाच नव्हती.

तुम्ही मला पाण्याच्या टाकीमागं बोलावलंत. आधी बराच वेळ नळ चालू-बंद करत राहिलात. मग म्हणालात, "मंगल, तुझ्यात ताकद लई आहे. पण बॉल तुझ्याजवळ टिकत नाही. रेश्माजवळ टिकतो. म्हणून या वेळी ती."

मी पिशवी उचलली, बसस्टँड गाठला आणि परत आले नाही.

दहाव्या दिवशी तुम्ही आलात. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, तेव्हा बिडकीनच्या पुढं एका शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवून होते. तुम्ही विचारत विचारत, नांगरलेल्या काळ्या रानातून, शहरातले बूट घालून आलात. बुटांना एवढी ढेकळं चिकटली होती की तुम्ही नेहमीपेक्षा दोन इंच उंच दिसत होतात. दादांनी घोंगडी अंथरली. आईनं चहा टाकला.

दादा म्हणाले, "सर, पोरगी लई खट्टू झालीया. नाय म्हणती जायचं."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "माझ्यामुळंच झालीय."

मग माझ्याकडं वळलात. "राग माझा आहे ना? मग मैदानावर येऊन काढ. इथं या मेंढरांनी तुझं काय केलंय?"

दादा हसले. मी हसले नाही. पण पुढच्या शनिवारी बसमध्ये बसले.

आता जे सांगते ते कुणालाच सांगितलेलं नाही, सर. तुमची टीम त्या स्पर्धेत पहिलाच सामना हरली. समोरच्या मुली अंगानं मोठ्या होत्या, रेश्माला त्यांनी उभं राहू दिलं नाही, तिचा खांदा दुखावला. तुम्ही परत आल्यावर आम्हा सगळ्यांना गोल करून बसवलंत आणि हे सांगितलंत. तुमचा चेहरा उतरला होता. मी बुटाची लेस बांधायला खाली वाकले. लेस सुटलेली नव्हती. मला आनंद झाला होता आणि तो तोंडावर दिसेल अशी भीती वाटली. सोळा वर्षांची होते, हे कारण मी स्वतःला पुष्कळदा देऊन बघितलं. ते पुरत नाही. रेश्मा हात गळ्यात बांधून समोर बसली होती.

नंतर तुम्ही मला दोन वर्षं फक्त एकच गोष्ट शिकवलीत, बॉल जवळ ठेवायची. मी विद्यापीठाकडून खेळले, राज्याकडून खेळले, शहरातल्या एका शाळेत खेळशिक्षिका म्हणून लागले. मग तुम्ही बोलावलंत. "पोरींना बाई कोच पाहिजे. आणि मला भांडायला कुणीतरी पाहिजे." मी आले. आल्या दिवसापासून मी उंच मुलींची बाजू घेतली. तुम्हाला वाटलं असेल, मंगलचा हा खेळाविषयीचा विचार आहे. विचार होताच. पण त्याच्या बुडाशी त्या लेसपाशी वाकलेली मुलगी होती.

गेल्या वर्षी तुमच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी पळणं बंद केलं, ओरडणं बंद केलं, जिने चढणं बंद केलं. त्यातलं ओरडणं तुम्ही ऐकलं नाहीत. बाकीचं ऐकलंत असं मी समजत होते. मैदानाच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची आली. आणि राज्याच्या स्पर्धेची निवड जवळ आली तेव्हा तुम्ही म्हणालात, "या वेळी टीम तू निवड. मी बोलणार नाही."

तुम्ही खरंच बोलला नाहीत. त्यानं मला जास्त घाम फुटला.

पुन्हा तेच झालं होतं. फॉरवर्डची एक जागा आणि दोन मुली. पूनम शेंद्र्याची. वडील तिथल्या कंपनीत शिफ्टला, आई कामगारांना डबे करून देते. उंची जेमतेम चार फूट दहा. जर्सीची कॉलर तोंडात धरून पळायची, आणि तीन मुलींच्या मधून बॉल घेऊन बाहेर पडायची तेव्हा त्या तिघी एकमेकींकडं बघत राहायच्या. ऋतुजा वैजापूरकडची, घरी कांदा-कापूस, शिकायला मामाकडं राहिलेली. रुंद खांदे, सरळ धाव, आणि गोलसमोरच्या डीच्या टोकावरून मारला तर गोली बाजूला होईल असा फटका.

मी ऋतुजाचं नाव लिहिलं आणि रविवारी दुपारी यादी ग्रुपवर टाकली.

सोमवारी तुम्ही खुर्चीवर बसण्याआधीच विचारलंत, "पूनमला सांगितलंस?"

"यादी टाकली ना ग्रुपवर."

"यादी टाकलीस. सांगितलंस का?"

"सर, आता एकेकीला कुठं सांगत बसू?"

"ज्या आहेत त्यांना नको सांगू. जी नाही तिला सांग."

मला राग आला. मला वाटलं, निवडीवर बोलणार नाही म्हणालात आणि आता मागच्या दारानं तेच काढताय. मी म्हणाले, "तुम्हाला पूनम पाहिजे होती, सरळ म्हणा की." तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि खुर्चीवर बसलात. बारा वर्षांत भांडण तुम्ही मध्येच सोडून दिलंत ते तेवढं एकदाच.

मी पूनमला फोन केला नाही. कामात राहून गेला असं मी स्वतःला सांगत होते. खरं सांगू? मला तिच्यासमोर उभं राहायची भीती वाटत होती. तिचा खेळ ऋतुजापेक्षा सरस होता आणि ते मला दिसत होतं. मी ऋतुजाला घेतलं ते खेळ बघून नाही. त्या टाकीमागं उभ्या असलेल्या एका उंच मुलीला मी शेवटी टीममध्ये घेतलं होतं.

पूनम मैदानावर यायची बंद झाली.

आम्ही गेलो. पहिले दोन सामने ऋतुजानं काढले. ती पळत निघाली की समोरच्या मुली बाजूला व्हायच्या. मी मनात तुमच्याशी बोलत होते, बघा सर, बघा. तिसऱ्या सामन्यात समोर तिच्याएवढ्याच मुली आल्या. मग बॉल डीपर्यंत जायचा आणि तिथंच अडायचा. खांद्याला खांदा लागला की कुणीच हलायचं नाही. त्या तिघी-चौघींच्या मधून सटकून जाणारी आमच्याकडं कुणी नव्हती. आम्ही एका गोलानं हरलो.

तुमचा फोन आला तेव्हा मी टीमच्या बॅगा मोजत होते. तुम्ही किती म्हणून विचारलंत, मी सांगितलं. मग म्हणालात, "ऋतुजा कशी खेळली?"

"जीव तोडून खेळली."

"मग तिला दे फोन."

तुम्ही तिच्याशी काय बोललात मला ऐकू आलं नाही. ती "हो सर, हो सर" म्हणत रडत होती आणि मग रडता रडता हसली. फोन माझ्याकडं आला तेव्हा मी तयार होते. तुम्ही 'बघ, मी म्हणत होतो' असं म्हणणार, आणि मी काय उत्तर देणार, ते सगळं मी जुळवून ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात, "पोरींना नीट जेवायला घाल. रिकाम्या पोटी प्रवास नक्को." आणि फोन ठेवलात. परतीच्या प्रवासभर ते उत्तर माझ्यापाशी पडून होतं.

सहा आठवड्यांनी पूनम मैदानावर उभी. माझ्याजवळ आली, म्हणाली, "थँक्यू मॅडम." मला कळेना कशाबद्दल. मी म्हणाले, "जा, वॉर्मअप कर." आणि त्याच संध्याकाळी तुम्हाला फुशारकीनं सांगितलं, "बघा, पोरगी आपली आपण परत आली. खरा खेळाडू असला की येतोच. घरी जाऊन समजूत काढायची गरज नसते."

तुम्ही म्हणालात, "हौ." एवढंच. "हौ, खरं आहे."

सर, ते तुम्ही कोणत्या तोंडानं म्हणालात!

त्यानंतरचा हिवाळा मात्र चांगला गेला. खुर्चीवर बसल्या बसल्या तुमच्या डोक्यात आलं की ऋतुजा आणि पूनमला जोडीनं खेळवायचं. ऋतुजानं गोलकडं पाठ करून बॉल घ्यायचा, दोन डिफेन्डर अंगावर झेलायच्या, आणि पूनमनं तिच्या आडून निघायचं. पंधरा दिवस जमलं नाही. ऋतुजा बॉल सोडायला उशीर करायची, पूनम आधीच पळायची, मग दोघी एकमेकींवर चिडायच्या. एका सकाळी जमलं. ऋतुजानं पाठीवर दोघी घेतल्या, बॉल हळूच मागं सोडला, पूनम आली आणि गोलीला कळायच्या आत बॉल आत. तुम्ही खुर्चीवरून ताडकन उठलात.

"गोल कुणी केला?"

"पूनमनं," मी म्हणाले.

"बस! संपलं."

"अन् दोघी अंगावर असताना बॉल कुणी धरून ठेवला?"

"तू हरलीस का नाय ते सांग."

"तुम्ही हरलात."

मुली पोट धरून हसत होत्या. तुम्हीही हसत सुटलात, दम लागला, खाली बसलात, तरी हसत होतात. रात्री तुमच्या घरून चाचींनी मला फोन करून झापलं. मी ऐकून घेतलं. इतकं झापून घ्यावं अशी ती सकाळ होती.

मग त्या मंगळवारी तुमच्या मुलाचा फोन आला.

मी आले. घराच्या गल्लीत आपल्या किती मुली होत्या, सर! लग्न झालेल्या, कडेवर लेकरं असलेल्या, नोकरीच्या युनिफॉर्ममध्ये तशाच आलेल्या. रेश्मा नाशिकहून येत होती, वाटेत होती. पुरुष तुम्हाला घेऊन निघाले आणि आम्ही बायका मागं राहिलो. मी चाचींजवळ बसले. त्या म्हणाल्या, "मंगल क्या बोलेगी, मंगल क्या बोलेगी. टीम का कागद लेके बैठे की यहीच." मला वाटायचं मीच तुम्हाला घाबरते.

तिसऱ्या दिवशी पूनमची आई आली. माझ्या शेजारी टेकली. डोळे पुसून हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, सर आमच्या घरी तीनदा आले होते."

मी म्हणाले, "कधी?"

"पूनमनं खेळ सोडला तेव्हा. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाय. पहिल्यांदा आले तर पोरगी न्हाणीत जाऊन बसली, बाहेरच आली नाय. सर चहा पिऊन गेले. दुसऱ्यांदा आले तर हिनं तोंड भिंतीकडं करून घेतलं. तिसऱ्यांदा आम्हाला वाटलं, अजून कसे वर येईनात. बघते तर दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसलेले. लई दम लागला होता. पूनमच पाणी घेऊन पळाली."

मग तिनं माझा हात धरला. "तुमचे उपकार, मॅडम. तुम्हीच पाठवलं ना त्यांना. सर म्हणाले, मॅडमला सुट्टी मिळंना म्हणून मला पाठवलंय. म्हणाले, मॅडम रोज तुझं नाव काढतात."

मी मान हलवली. तुमच्याच घरात, तुमच्या माणसांच्या मधोमध बसून मी तुमचं ते खोटं स्वतःच्या नावावर घेतलं. 

घरी आल्यावर मी तुमच्यावर इतकी चिडले, सर, की भांडी घासताना बोलत होते. जिने चढायचे नाहीत म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला? तीन मजले, तीनदा? एक फोन मी केला असता तर त्यातलं काहीच करावं लागलं नसतं. त्या जिन्यांनी तुमचं किती आयुष्य कमी केलं, काही केलं की नाही, हे मला माहीत नाही आणि आता कधी कळणारही नाही. तुमच्या मुलाला मी हे अजून सांगितलेलं नाही. चाचींना सांगायला गेले होते. त्या तुमचे शर्ट घडी करून ठेवत होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "शेंद्रा जाते थे, मालूम है मेरे कू. रोकती तो रुकते क्या?" आणि पुढचा शर्ट उचलला.

पूनमला मात्र सांगायलाच हवं होतं. गेल्या आठवड्यात प्रॅक्टिस संपल्यावर तिला थांबवलं.

"पूनम, सरांना मी पाठवलं नव्हतं."

"माहितीये, मॅडम."

"माहितीये?"

"सर खोटं बोलायला लागले की हिंदीत बोलायचे. 'मॅडम ने भेजा है,' म्हणाले. एरवी माझ्याशी मराठीच बोलायचे की. तुम्हाला थँक्यू म्हणायलाही त्यांनीच सांगितलं होतं."

मला हसू आलं. मी विचारलं, "मग तू आलीस कशाला?"

ती कॉलर चावत राहिली. "ते जिन्यात बसले होते ना. मला वाटलं, नाही गेले तर हे चौथ्यांदा येतील."

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "मला तुमचा राग आला होता, मॅडम. अजून थोडा आहे."

"असू दे," मी म्हणाले. "त्या वेळी तुला घ्यायला पाहिजे होतं मी."

"ऋतुजाला काढून?"

ऋतुजा पलीकडं शंकू गोळा करत होती. मी म्हणाले, "माहीत नाही. दोघींना घेता आलं असतं का, ते मी बघितलंच नाही. मला एकच मुलगी दिसत होती."

तिला ते कळलं असेल की नाही, ठाऊक नाही. तुम्हाला कळलं असतं. त्या लेसची गोष्टही तुम्हाला कदाचित तेव्हाच कळली असेल. तुम्ही गोल करून बसवलेल्या मुलींकडं बघत बोलायचात, एकेकीच्या तोंडाकडं. वाकलेली एकच मी होते. तुम्हाला कळूनही तुम्ही मला दोन वर्षं बॉल शिकवत राहिला असाल, तर मग मी तुम्हाला काय म्हणावं?

या आठवड्यात पुन्हा निवड झाली. ऋतुजा आणि पूनम दोघी पुढं आहेत, जोडीनं. एका जागेसाठी या वेळी कावेरी मागं राहिली. कावेरी पडेगावची, पाच फूट नऊ, पळायला लागली की वारं प्यायल्यासारखी. मला ती फार आवडते. तिच्यात मी मला बघते, म्हणून या वेळी मी दोन दिवस जास्त घेतले, सगळ्यांचे खेळ पुन्हा पुन्हा बघितले आणि तिचं नाव लिहिलं नाही. यादी कुठंही टाकण्याआधी रविवारी दुपारी तिच्या घरी गेले.

तिच्या आईनं दार उघडलं. कावेरी आतून आली, माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं. मी बसले नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, "कावेरी, या टीममध्ये तू नाहीस. ताकदीत तुला तोड नाही. पण समोर डिफेन्डर आली की तू अंगानं जातेस, बॉल मागं सुटतो. म्हणून."

माझा आवाज कापत होता. ती पोरगी सोळा वर्षांची आणि मी अडतीस वर्षांची, आणि कापत होता माझा. नळ चालू-बंद करणारा तुमचा हात मला तेव्हा समजला, सर.

कावेरी रडली नाही. आत गेली. आई म्हणाली, "मॅडम, बसा तरी." मी बसले. मला वाटलं, आता ही बाहेर येत नाही. मी मनात ठरवत होते की परत कधी यायचं. तेवढ्यात ती दोन स्टिक आणि बॉल घेऊन बाहेर आली. एक स्टिक माझ्यापुढं धरली.

"दाखवा."

"काय?"

"कुठं सुटतो ते दाखवा."

गल्लीत सिमेंटचा रस्ता होता. समोरच्यांनी गाडी बाजूला घेतली. ओट्यावरच्या दोन बायका भाजी निवडणं सोडून बघायला लागल्या. मी ओढणी कमरेला बांधली, चपला काढून ठेवल्या आणि तिच्यासमोर उभी राहिले. ती आली, मी बॉल काढून घेतला. पुन्हा आली, पुन्हा काढून घेतला. सात-आठ वेळा तेच. तिचा चेहरा लाल झाला. "असं अंग घालू नको," मी म्हणत होते, "बॉलकडं बघ." तिला माझं बोलणं ऐकू येत होतं की नाही, देव जाणे. घाम पुसायलाही ती थांबत नव्हती.

मग एकदा ती जोरात आली. मी नेहमीसारखा खांदा पुढं केला. माझ्यापासून हातभर अंतरावर ती थांबली, बॉल मागं ओढला, माझं वजन उजवीकडं गेलेलं बघितलं आणि डावीकडून निघून गेली. बॉल तिच्या स्टिकला चिकटलेला. मी वळेपर्यंत ती गल्लीच्या टोकाला होती.

मी मुद्दाम सोडली नव्हती, सर. तुमची शप्पथ.

पाच फूट नऊ इंचांची मुलगी, आणि गेली ती हातानं गेली. आता हे तुमच्या बाजूनं धरायचं की माझ्या? मी स्टिक टेकवून त्या गल्लीत उभी राहिले आणि तुम्ही काय म्हणाला असतात ते बराच वेळ जुळवत होते. काही जुळेना. कावेरी तिकडून ओरडली, "मॅडम, परत येऊ का?"

मी म्हणाले, "ये."